पगारबाईंचं डावं खुरपं

पगारबाईंबरोबर रिक्षात बसायचं म्हणजे रिक्षावाल्याची परीक्षा असायची. नाशकात द्वारकेच्या चौकात चारी बाजूंनी ट्रक अंगावर येत असताना बाई मागून खणखणीत आवाजात सांगायच्या, "डावीकडे घ्या," आणि हात मात्र उजवीकडे लांब करायच्या. नवा रिक्षावाला त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा आणि फसायचा. आमच्या नाक्यावरचे रिक्षावाले मात्र तयार झाले होते. ते आरशात बाईंचा हात बघायचे, बोलणं ऐकतच नसत. "त्या बोलतात एक, दाखवतात एक, पण दाखवतात ते बरोबर असतं," असं त्यातल्या एकानं मला समजावून सांगितलं होतं.

बाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. गाव कळवणकडचं, आडनाव पगार. महिनाअखेरीला स्टाफरूममध्ये कुणी "पगार आले का?" विचारलं, की म्हणे ठरलेलं उत्तर यायचं, "आलेत, मैदानावर आहेत." लग्न त्यांनी केलं नाही. का नाही केलं, असं मी एकदा आडून विचारलं तर म्हणाल्या, "शिट्टी वाजवून थांबेल असा कुणी भेटला नाही." निवृत्त झाल्या तरी गळ्यातली शिट्टी गेली नव्हती आणि पायातले पांढरे कॅनव्हासचे बूटही. दूधवाला त्या शिट्टीनं थांबायचा, भाजीवाला थांबायचा, आणि खोटं कशाला बोलू, आमचे हेसुद्धा एकदोनदा थांबले होते.

आमच्या दोघींच्या रो-हाउसमध्ये एकच भिंत. मी स्वभावानं तिखट आहे असं माझ्या सासरी सर्वमान्य आहे. पण बाईंपुढं माझं काही चालायचं नाही. "वंदे, इकडं ये," एवढं भिंतीपलीकडून ऐकू आलं, की मी गॅस बारीक करून निघायचे. ही बया आता काय काढणार, असं पुटपुटत निघायचे, पण निघायचे. आता त्या कळवणला राहायला गेल्या आहेत आणि भिंतीपलीकडे एक शांत जोडपं आलंय. शांतता मला अजिबात मानवत नाही.

ज्या दिवशी भट्टीचं खूळ निघालं, त्या दिवशी बाई गावाहून परतल्या होत्या. एरवी गावाहून आल्या की आधी कांद्याची गोणी आणि मग गप्पा. त्या दिवशी गोणी नव्हती. माझ्या ओट्याजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "इंदूला पाथीतून उठवलं."

इंदू म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको. तिकडे कांद्याच्या खुरपणीला बायका एकमेकींकडे सावडीनं जातात. आज तुझ्या शेतात सगळ्या, उद्या माझ्या. शेतात ओळीनं बसायचं, प्रत्येकीनं आपला पट्टा धरायचा आणि खुरपत पुढं सरकायचं, तीच पाथ. इंदू डावखुरी. सासूनं, म्हणजे बाईंच्याच आईनं, नवी नवरी असताना तिला उजव्या हातानं खुरपायला लावलं. उजव्यानं ती मागं राहायची. डाव्यात धरलं तर खुरपंच उलटं, कारण खुरप्याचं पातं मुठीपासून एका अंगाला वळलेलं असतं आणि ते वळण उजव्या हातासाठी केलेलं असतं. डाव्या हातात ते गवताखाली जायचं सोडून कांद्याचं रोप कापायचं. वर्षानुवर्षं बायकांनी सांभाळून घेतलं. यंदा सावडीतल्या थोरल्या सोनाआजीनं सांगितलं, "इंदू, तू घरी भाकरी टाक. खुरपायचं आम्ही पाहू."

"रागानं नाही बोलली गं आजी," बाई म्हणाल्या. "गोडच बोलली. पण इंदूनं मला काय सांगितलं माहितेय? म्हणाली, आक्का, शेत माझं आणि मीच बांधावर."

बाईंनी कळवणच्या बाजारात डावं खुरपं शोधलं, नाशकात शोधलं. एका दुकानदारानं तर त्यांनाच शिकवलं, "खुरप्यात कुठं डावं-उजवं असतं का मावशी? खुरपं म्हणजे खुरपं." गावातला लोहार थकला होता, त्याचा भाता बंद पडला होता आणि मुलं सातपूरच्या कारखान्यात होती. तेव्हा बाईंनी सगळ्या बायकांसमोर इंदूला शब्द दिला की पुढच्या खुरपणीला डावं खुरपं घेऊन येते. मी विचारलं, कुठून आणणार? बाई म्हणाल्या, "करणार. माणसानंच केलंय ना पहिलं खुरपं? मी पण माणूसच आहे."

मी म्हटलं, बाई, तुम्हाला साधा कुकर लावताना शिटी मोजायला मी लागते. त्यावर त्यांनी मला सुती कपडे घालून आणि ओढणी घरी ठेवून यायला सांगितलं. म्हणजे मला विचारलं नव्हतंच, संघात घेतलं होतं.

भट्टीसाठी परसात एक जुनं लोखंडी घमेलं निघालं. व्हिडिओत पाहिलं होतं, की आतून जाड अस्तर हवं, नाहीतर घमेलंच वितळायचं. आता अस्तर कशाचं? इथं बाईंचं नाशिककरपण जागं झालं. आम्ही नाशिकचे लोक गोदावरीला गोदावरी म्हणतच नाही, गंगाच म्हणतो, आणि गंगेचं काहीही असलं की आमची अक्कल हात जोडून उभी राहते. बाई पिशवीभर गुळगुळीत गोटे घेऊन आल्या. "गंगेचा दगड आहे. एवढे पूर अंगावर घेतले त्यानं, घमेलंभर निखारा काय करणार त्याला?" मलाही ते पटलं, हे सांगायला हवं. गोटे छान बसवले, वर विस्तव केला आणि थोड्या वेळानं फाड असा आवाज झाला. मग दुसरा. नदीतल्या दगडाच्या पोटात पाणी मुरलेलं असतं, ते तापलं की दगड फुटतो. आम्ही दोघी पाण्याच्या टाकीमागं बसलो होतो आणि माझी मोगऱ्याची कुंडी आमच्यादेखत उडाली. शेवटचा गोटा फुटेपर्यंत बाईंनी मला उठू दिलं नाही. मग उठल्या, गुडघे झटकले आणि म्हणाल्या, "चला. रांगेच्या मागं."

हे त्यांचं शाळेतलं वाक्य. लांब उडीत पोर चुकलं की बाई रागावत नसत, कौतुकही करत नसत. रांगेच्या मागं जायचं आणि पुन्हा यायचं. त्या वाक्याला त्यांच्याकडे अपील नव्हतं.

दुसऱ्यांदा अस्तर केलं ते चिकणमाती, वाळू आणि चुलीची राख कालवून. ते सावलीत सावकाश वाळू दिलं, तडा गेला की पुन्हा लिंपलं. वारा घालायला, कणसं भाजणाऱ्यांकडे असतो तसला हातानं फिरवायचा पंखा आणला. पंख्यापासून घमेल्यापर्यंत पाइप हवा होता. द्वारकेच्या भंगारवाल्याकडे चकचकीत पाइप बघून मी तोच उचलला, तर तो म्हणाला, "ओ भाभी, वो जस्तवाला है. तापला की त्याचा धूर छातीत बसतो. ये काला लेके जाओ." त्याच्याकडूनच खुरप्यासाठी जुन्या टेंपोच्या स्प्रिंगच्या कमानीचा एक पातळ पाटा मिळाला आणि घणाचं एक मोठं डोकं, दांडा नसलेलं. ते डोकं बाभळीच्या ओंडक्यात रोवलं, की झाली ऐरण. बाईंनी त्यावर हातोडी टणकन मारून बघितली आणि चेहऱ्यावर असं समाधान आलं, की जणू जिल्ह्याची ढाल आणली.

मग जळण. हा विषय वाटतो तेवढा सोपा नाही, आणि बाईंनी तो सोपा ठेवलाही नाही. पहिल्यांदा गोवऱ्या आणल्या, कारण गावाकडे चूल त्यावरच पेटते. गोवरी मायाळू असते, मंद जळते, भाकरीला उत्तम. लोखंड तिनं नुसतं शेकलं. बाईंनी पाटा बाहेर काढून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्याला ताप आलाय, पण एवढ्यानं तो सुट्टी घेणार नाही." त्यानंतर दगडी कोळसा. त्यात धग जबरदस्त, पण पेटताना जो पिवळा धूर निघाला त्यानं गच्चीवर वाळत घातलेल्या साऱ्या कॉलनीच्या चादरींना वास लागला. शिवाय आतमध्ये जळून त्याचा दगडासारखा खंगर झाला, तो वाऱ्याच्या तोंडावर बसला आणि भट्टी गुदमरली. संध्याकाळी कॉलनीतल्या बायका भांडायला आल्या. बाईंनी चूक कबूल केली आणि सगळ्यांच्या चादरी स्वतः धुतल्या. धुवायला मदत कुणी केली, हे सांगायची गरज नाही.

मी सुचवलं, गॅसची भट्टी करा. बटण फिरवलं की झालं. "स्वयंपाकाच्या सिलिंडरशी मी असले खेळ करणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि असं बघ, उद्या इंदूच्या खुरप्याची धार गेली, वाकलं, तर शेतावर सिलिंडर कोण नेणार? जळण असं पाहिजे की गावातल्या बाईला ते आपलं वाटलं पाहिजे."

उत्तर निघालं ते कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे. त्याच्या जड इस्त्रीत लाकडी कोळसा असतो. धूर नाही, वास नाही, लवकर पेटतो. बाई तिथं कपडे द्यायला गेल्या आणि कपडे न देताच पोतं कुठून आणतोस ते विचारून परत आल्या. लाकडी कोळशाचीही खोड कळायला दिवस गेले. मोठे तुकडे घातले तर मधून वारा निसटतो, चुरा घातला तर आग दबते. आवळ्याएवढे तुकडे हवेत. तो भराभरा संपतो, म्हणून सारखा वर घालत राहायचा. आणि लोखंड निखाऱ्यांच्या वर ठेवायचं नाही, पोटात घालायचं. मी पाटावर बसून कोळसा फोडायचे आणि हातातोंडाला काळं फासून घरी यायचे. सासूबाई म्हणाल्या, "शिक्षण कशाला केलं हिचं?" मला मात्र त्या दिवसांत भूक छान लागायची.

पहिल्यांदा पाटा खरोखर तापला तेव्हा मी पंखा जीव खाऊन फिरवत होते. आतून ठिणग्या उडायला लागल्या, अगदी फुलबाजीसारख्या. बाई खूश. "वंदे, बघ, दिवाळी." दिवाळी कसली, लोखंड जळत होतं. बाहेर काढलं तर टोक नासून गेलं होतं. त्या दिवसापासून मला हुकूम झाला: बाई बोट वर करतील तेव्हा पंखा, मूठ मिटली की बंद. रंग नीट दिसावा म्हणून भट्टी आंब्याच्या सावलीत हलवली. झेंडूच्या फुलासारखा रंग आला की काढायचं, ठोकायचं, लाल काळवंडला की पुन्हा आत. बाईंच्या हातोडीला कवायतीची लय होती. एक-दोन, एक-दोन. त्या ठोकत असताना मला का कुणास ठाऊक, रडू यायचं. एखादं माणूस दुसऱ्यासाठी एवढं राबताना जवळून बघितलं की होतं असं.

पातं झालं, वळण झालं. मग ते तापवून माझ्या चकलीच्या तळणाच्या तेलात बुडवलं. परसात सणासुदीचा वास सुटला. मग तव्यावर हळूहळू गरम करून धारेवर वाळल्या गवताचा पिवळा रंग आणला, म्हणजे धार कडक राहते पण तुकडा पडत नाही. मूठ बसवली. बाईंनी ते माझ्या हातात दिलं, जसं बक्षीस द्यावं तसं, आणि म्हणाल्या, "डाव्या हातात धर आणि वाफा खुरप."

मी धरलं. पातं रोपाकडेच जायला लागलं. मनगट फिरवून पाहिलं, बसायची बाजू बदलून पाहिली. शेवटी सहज उजव्या हातात घेतलं, तर असं चपखल बसलं की काय सांगू. एवढा खटाटोप करून बाईंनी एक अतिशय सुंदर उजवं खुरपं बनवलं होतं.

मला हसू फुटलं आणि ते मला आवरेना. बाई मात्र ओंडक्यावर बसून राहिल्या. खुरपं उलटंसुलटं करत म्हणाल्या, "अख्खी नोकरी पोरांकडे तोंड करून उभी राहिले मी. डावा हात वर म्हणायचं आणि आपला उजवा वर करायचा, म्हणजे समोरच्या पोरांचं चुकत नाही. आता डोक्यात डावं म्हटलं की माझा हात उजवीकडेच जातो. समोरच्याचं बघायची इतकी सवय झाली, की माझं मला कळेनासं झालंय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि सोमवारी इंदूची खुरपणी लागतेय."

माझं हसू तिथंच थांबलं. आतापर्यंत भट्टी, कोळसा, ठिणग्या यांच्या नादात मी विसरूनच गेले होते, की तिकडे एक बाई बांधावर भाकरी घेऊन उभी राहणार आहे, आणि आमचं खुरपं आलं नाही तर ती कायमची तिथंच उभी राहील.

"रांगेच्या मागं," मी म्हटलं. हे वाक्य त्यांना उलट ऐकवायची हिंमत मी पहिल्यांदाच केली. बाईंनी मान वर केली आणि हसल्या.

या वेळी समोरासमोर बसायचंच नाही असं ठरलं. मी बाईंकडे पाठ करून वाफ्यात बसले. बाईंनी पुठ्ठ्याचं पातं कापून मागून माझ्या डाव्या हातात दिलं, मी माती खरवडायची, त्या माझ्या खांद्यावरून बघायच्या. हे नको, हे नको, आता जरा असं. जमलं तेव्हा तोच पुठ्ठा उचलून ओंडक्यावर ठेवला आणि खडूनं त्याचं वळण आखून घेतलं. तोंडानं डावं-उजवं म्हणायचंच नाही. वळवायच्या वेळी मी म्हणायचे, "आंब्याकडे," आणि बाई आंब्याकडे वळवायच्या. रविवारी दुपारी मूठ बसली. मी ते डाव्या हातात घेऊन वाफ्यात बसले. पातं मातीखालून सरळ सरकलं, गवत मुळासकट वर आलं आणि शेजारचं मेथीचं रोप हललंसुद्धा नाही. बाईंनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. म्हणाल्या, "आत्ता नको. उद्या."

सोमवारी मीही गेले, सासूबाईंना दोन वेळचं सगळं करून ठेवून. सकाळचं ऊन पडलं होतं आणि बायका डोक्याला रुमाल बांधून ओळीनं बसत होत्या. इंदू खरंच बांधावर होती, भाकरीच्या टोपल्याशेजारी. बाईंनी पिशवीतून खुरपं काढून तिच्या हातात ठेवलं. तिनं ते फिरवून फिरवून पाहिलं, आणि विचारलं, "आक्का, हे माझंच हाय?"

"दुसऱ्या कुणाला ते चालणारच नाही," बाई म्हणाल्या. "जा, बस."

इंदू ओळीच्या डाव्या टोकाला बसली, कोपर कुणाला लागू नये म्हणून. बायकांमध्ये थोडी कुजबूज झाली. सुरुवातीला ती हळू चालली होती. हाताला सवय नव्हती, प्रत्येक रोपाशी थबकायची. शेजारची पुढं गेली, तिच्या पलीकडची पुढं गेली. बाई माझं मनगट धरून उभ्या होत्या आणि ते दुखायला लागलं तरी मी सोडवून घेतलं नाही. मग अर्ध्या वाफ्याच्या पुढं कुठंतरी तिचा हात मोकळा झाला. गवत बाजूला पडायला लागलं, एकसारखं, न थांबता. ती शेजारणीच्या बरोबरीला आली. मग पुढं गेली. पाथ संपवून पलीकडच्या बांधाला हात लावला तेव्हा तिच्यामागं सगळ्या बायका अजून मातीत होत्या. ती वळून बसली आणि पदरानं तोंड पुसू लागली. किती वेळ पुसत होती. माझ्या शेजारी बाईंची शिट्टी अशी वाजली, की पलीकडच्या शेतातले बैल थांबले.

बायका उठून इंदूभोवती जमल्या, खुरपं या हातातून त्या हातात गेलं. कुणी म्हणालं, "लय हलकं हाय." कुणाला ते उलटं वाटलं म्हणून हसू आलं. सोनाआजी सगळ्यात शेवटी आली. वाकलेली, हातापायांची काडी झालेली. तिनं खुरपं घेतलं आणि उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं. बोटं मुठीवर हळूहळू मिटली.

"मना बी डावाच हात व्हता," ती बाईंना म्हणाली. "पोर व्हते तवा मायनी चटका दिधा. तवापासून उजवा." आणि तिनं डावा पंजा उलटा करून दाखवला. त्यावर जुना, पांढुरका डाग होता. इतकी वर्षं तिच्या शेजारी बसणाऱ्या बायकांनीही तो कशाचा आहे ते विचारलं नव्हतं. "माले बी एक करी दे, बाई."

बाई हो म्हणायच्या आत इंदूच पुढं झाली. "तोवर हेच घे, आजी," ती म्हणाली, आणि नवी पाथ धरताना डाव्या टोकाची आपली जागा तिनं आजीला दिली. आजी बसली आणि डाव्या हातानं खुरपू लागली. पातं मातीत अडत होतं, एकदोन रोपं कापलीही गेली. बाकीच्या बायका पार पलीकडच्या बांधाला पोचल्या तरी आजी वाफ्याच्या तोंडाशीच होती. त्या दिवशी तिची पाथ सगळ्यांच्या मागं राहिली, आणि तिला कुणीही ऊठ म्हटलं नाही.